खंडेनवमीची सुट्टी

"अपडेट सुरू असताना कॅमेऱ्याची वीज बंद झाली होती का, मॅडम?" फोनमधल्या, कॅमेऱ्याच्या कंपनीतल्या मुलीनं विचारलं, आणि प्रमोदिनीच्या हातातली सोललेली लसणाची पाकळी ताटाबाहेर पडली. पियुषचा फोन जेवणाच्या टेबलावर होता, स्पीकर चालू होता. शेजारी मुठीएवढा पांढरा कॅमेरा आडवा पडला होता आणि त्याच्या कपाळावरचं कुंकू अजून पुसलेलं नव्हतं. पियुष, तिचा मुलगा, तिच्याकडं बघत होता. दोन वर्षांपूर्वी हा कॅमेरा बसवून देणारा स्टेशन रोडवरचा दुकानदार केयूर हातात टाचणी धरून बसला होता, तोही बघत होता. "लाईट गेली होती," ती म्हणाली. "साधारण किती वाजता?" "साडेनऊला. खंडेनवमीच्या दिवशी." अकरा दिवसांत हे वाक्य तिनं पोलिसांना सांगितलं होतं, नणंदेला सांगितलं होतं, विचारपूस करायला आलेल्या गल्लीतल्या बायकांना सांगितलं होतं, आणि सांगता सांगता ते तिला दिसायलाही लागलं होतं. पंखा हळूहळू थांबतोय, फ्रिज एकदा कण्हून गप्प होतोय. पण त्या दिवशी सगळ्या पूर्णा गावात लाईट गेलीच नव्हती. देवीच्या मंडपातले भोंगे सकाळपासून एकदाही थांबले नव्हते, आणि ही गोष्ट गल्लीतल्या एकाही बाईच्या लक्षात येऊ नये याचं तिला नवल वाटायचं. एरवी कुणाच्या घरी डाळ किती शिट्ट्यांत शिजते तेही त्यांना पाठ असतं.

त्या खंडेनवमीला तिचे यजमान, व्यंकटराव, घरातून गेले ते परत आले नाहीत. तेहतीस वर्षं ते रेल्वेत गार्ड होते, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून रात्री-अपरात्री फिरलेले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. गेल्या चार वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उतरत गेली. आधी माणसांची नावं, मग वार, मग आपण जेवलो की नाही ते. एकदा नुसत्या बनियनवर स्टेशनात जाऊन सुटत्या गाडीला हात दाखवत उभे राहिले, तेव्हा ओळखीच्या टीसीनं घरी आणून सोडलं. त्यानंतर पियुषनं पुण्याहून येऊन व्हरांड्यात, दाराच्या वर, हा कॅमेरा लावून घेतला. व्यंकटरावांनी फाटकाकडं चार पावलं टाकली की इथं प्रमोदिनीचा फोन किणकिणायचा आणि तिकडं पुण्यात पियुषचा. त्या दिवशी तो किणकिणला नाही. साडेदहाला ती ताट घेऊन बाहेर आली तर वेताची खुर्ची रिकामी, फाटक उघडं, आणि पूजेच्या पाटावरून दोन वस्तू गेलेल्या, त्यांची ड्युटीची शिट्टी आणि हिरवी झेंडी. झेंडी नेली म्हणजे ड्युटीवर गेले, हे सगळ्यांनी एका क्षणात ठरवून टाकलं. फाटकातून डावीकडं वळलं की स्टेशन. स्टेशन पालथं घातलं, यार्ड पालथं घातलं, परभणीकडची, नांदेडकडची, हिंगोलीकडची पटरी मैलच्या मैल चालून काढली. पियुषनं जागोजागी फोटो चिकटवले. उजवीकडं बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण उजवीकडं काहीच नव्हतं. रेल्वेचे जुने क्वार्टर होते, पंधरा वर्षांपासून ओस पडलेले, दारं-खिडक्या लोकांनी काढून नेलेल्या, आणि पुढं वेड्या बाभळीचं रान. तिकडं कुणी शेळीसुद्धा सोडत नाही.

आज सकाळी चहाच्या टपरीवर पियुषला केयूर भेटला. "काकूंनी मला कॅमेरा दाखवलाच न्हाई की," तो सहज बोलून गेला. पियुषनं घरी येऊन आवाज न चढवता विचारलं, "आई, तू तर म्हणलीस केयूरला दाखवला. तो जळालाय म्हणला म्हणून." "म्हणले असंन बाबा. डोकं कुठं ठिकाणावर हाय माझं." "बरं. मी बोलावलंय त्याला. आत्ता बघू." त्याला राग आला नव्हता, आणि हेच तिला लागलं. पटऱ्या चालून त्याच्या टाचा फुटल्या होत्या, दाढी वाढली होती. आईवर संशय घ्यायला माणसाच्या अंगात थोडा तरी जोर शिल्लक असावा लागतो, तोही त्याच्यात उरला नव्हता.

"मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असेल," फोनमधली मुलगी सांगत होती. तिनं सुरुवातीलाच आपलं नाव सांगितलं होतं, वैष्णवी. "त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा. लाल दिवा स्थिर राहिला तर मला सांगा." केयूरनं दाबून धरलं. लाल दिवा लागला, लुकलुकला, विझला. "पुन्हा एकदा करू या," वैष्णवी म्हणाली. तिच्या आवाजात घाई नव्हती, दयाही नव्हती. अकरा दिवस कुणी प्रमोदिनीच्या घरात इतक्या साध्या आवाजात बोललं नव्हतं. "कसं हाय काकू," केयूर टाचणी फिरवत म्हणाला, "ह्याच्या आतला प्रोग्राम निम्मा जुना, निम्मा नवा झालाय. नवा लिहायलाच लागलं होतं आन् मधीच करंट गेला. आता ह्याला कळंना झालंय आपण कोण हाव ते." प्रमोदिनी लसूण सोलत राहिली. आपण कोण ते न कळणं तिनं चार वर्षं रोज सकाळी समोर बसून बघितलं होतं. "नुसतं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावू ना," पियुष म्हणाला. "लावून बघितलं की दादा, उघडंना. ह्या कंपनीच्या कार्डाला कुलूप असतंय. ज्या कॅमेऱ्याचं त्यातच उघडतंय." मग प्रमोदिनीनं मान वर न करता ते म्हटलं जे ती अकरा दिवस म्हणत होती, "साडेनऊला लाईट गेली, ते गेले दहाला. त्यात असून असून काय असंल? कशाला त्याच्या मागं लागलास, तेवढ्यात दोन गावं पाहून झाली असती." पियुषनं कार्ड हातात घेतलं. "काही नसू दे ना आई. सकाळचं तरी असंल. मला नुसतं बघायचंय त्यांना."

तिलाही बघायचं होतं, आणि बघायचं नव्हतं. लग्न होऊन ती सत्तेचाळीस नंबरच्या क्वार्टरात आली तेव्हा वीस वर्षांची होती, आणि पहिल्या महिन्यातच तिला कळलं की गार्डाची बायको निम्मी सडी असते. माणूस निघाला की दीड-दोन दिवस घरात नाही. दारातून "येतो गं" म्हणायचा, आणि ती चुलीपुढून, पाट्यापुढून, पियुषला मांडीवर घेऊन, न बघताच "या" म्हणायची. रुसवा असो, भांडण असो, "येतो"ला "या" हे ठरलेलं. परतताना ते पहाटे क्वार्टरच्या कोपऱ्यावर दोन बारीक शिट्ट्या मारायचे, शेजाऱ्यांची झोप मोडू नये इतक्या हलक्या, आणि ती उठून चहा ठेवायची. मधले दोन दिवस तिचे असायचे. ती पलंगावर आडवीतिडवी झोपायची, दुपारी नुसता तिखटाचा भुरका आणि भाकरी खायची, कुणी काही विचारत नसायचं. नवरा तिला आवडत नव्हता असं नाही. पण तो येणार आहे आणि अजून आलेला नाही, त्या वेळेइतकं सुख तिला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळालं नाही, आणि हे ती साठी उलटल्यावर आता स्वतःशी कबूल करू शकत होती. निवृत्तीनंतर ते घरात बसले. मग आजारानं त्यांना तिच्या पदराला बांधलं. न्हाणीच्या दाराबाहेर उभे राहून ते विचारायचे, "कोण हाय आत?" आणि मग हा कॅमेरा आला. राखायचं होतं त्यांना, पण डोळा दोघांवरही होता. "आई, दुपारी अर्धा तास फाटकात काय करायलीस?" पियुष पुण्याहून विचारायचा, काळजीनंच विचारायचा. ती काहीच करत नसायची. उभी राहायची, रस्ता बघायची.

खंडेनवमीला सकाळी नऊला पियुषचा फोन आला. "आई, कॅमेऱ्याचं अपडेट इथूनच लावलंय मी. अर्धा तास लागंल. तेवढं त्याला हात लावू नको." ती बरं म्हणाली. सासूबाईंचा दंडक होता की खंडेनवमीला घरातल्या हत्याराकडून काम घ्यायचं नाही. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर निजू द्यायचं. व्हरांड्यात पाट मांडून तिनं त्यावर विळी ठेवली, कात्री, अडकित्ता, मिक्सर, आणि ट्रंकेतून काढलेली व्यंकटरावांची शिट्टी, दोन झेंड्या, तिरंगी काचांचा हातदिवा. सगळ्यांना झेंडूचं एकेक फूल. मग स्टुलावर चढून तिनं कॅमेऱ्याच्या कपाळाला बोट टेकवलं. त्याचा निळा दिवा लुकलुकत होता. खाली उतरली, पाटापुढं बसली, राहिलेलं पुसलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा स्टूल ओढून वर चढली. सगळ्यांना सुट्टी, मग ह्यालाच का नाही, असं काहीतरी तिनं मनात म्हटलं, पण तो नुसता बहाणा होता. सासूबाईंचा दंडक तिनं मिक्सरला तरी कुठं पाळला होता, थोड्या वेळानं त्यातच चटणी केली. तिला फक्त एक दिवस हवा होता. कुणी बघत नाही असा एक दिवस, जसे पूर्वी मिळायचे. तिनं कॅमेऱ्याची विजेची पिन ओढली. निळा दिवा गेला. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ती स्टुलावरच दोन मिनिटं उभी राहिली, आणि ही गोष्ट ती कुणालाही सांगू शकणार नव्हती.

त्या वेळी ते खुर्चीत होते. हे तिला लख्ख आठवत होतं. वर्तमानपत्र उलटं धरलेलं, चष्मा नाकावर घसरलेला, आणि पिन ओढताना त्यांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं होतं. अकरा दिवस ती ही नजर सोबत घेऊन जेवत होती आणि झोपत होती. त्यांना समजलं की आता डोळा मिटलाय, आणि ते उठून गेले. मी डोळा मिटला, म्हणून ते गेले. कॅमेरा दुरुस्त झाला तर त्यात तिचा हात दिसणार होता, पिनेकडं जाणारा. पियुषला तो दिसेल म्हणून तिनं पहिल्याच संध्याकाळी कॅमेरा खाली काढून धान्याच्या कोठीमागं ठेवला होता.

आणखी एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. दसऱ्याला पहाटे तिला दोन बारीक शिट्ट्या ऐकू आल्या. ती उठली, चहाचं आधण ठेवलं, साखर टाकली, आणि मग भान आलं तसा गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा, आणखी बारीक, जणू कुणी फुंकता फुंकता थांबत होतं. त्या दिवशी ती उठली नाही, डोक्यावरून पांघरूण घेतलं. तिसऱ्या दिवसापासून काही नाही. पूर्णेत शिट्ट्यांना तोटा नाही. इंजिनं वाजतात, पोलीस वाजवतात, नवरात्रात तर मंडळाची पोरंही गर्दी हटवायला वाजवतात. पण ह्या तशा नव्हत्या, म्हणजे मनाच्याच होत्या. पियुषला सांगितलं असतं तर चार वर्षांपूर्वी बापाकडं पहिल्यांदा जसं बघितलं होतं त्यानं, तसं आता आईकडं बघितलं असतं. तिनं गप्प बसायचं ठरवलं.

टेबलावर लाल दिवा पुन्हा विझला. वैष्णवीनं दुसऱ्या कोऱ्या कार्डावर नवी फाईल उतरवायला सांगितली, ते कार्ड घालून कॅमेरा सुरू करायला सांगितला. निळा दिवा लुकलुकला, फोनवरचा आकडा चाळीस टक्क्यांवर आला आणि दिवा लाल झाला. पुन्हा केलं, पुन्हा चाळीस. प्रमोदिनीला आपण सुटलो असं वाटायला लागलं, आणि आता त्यांना बघता येणार नाही असंही. "अॅडॅप्टर बदलून पाहता का? कमजोर अॅडॅप्टरमुळंही असं होतं," वैष्णवी म्हणाली. केयूरनं गाडीच्या डिकीतून दुसरा आणला. या वेळी आकडा चाळीसला अडला नाही. साठ, ऐंशी, आणि मग निळा दिवा लागला तो लागलाच. "आला, आला," केयूर म्हणाला, आणि जुनं कार्ड घालून दोघं कॅमेरा जागेवर बसवायला व्हरांड्यात गेले. टेबलाशी ती एकटी राहिली. तिच्या फोनवर चौकट उमटली. कार्ड ओळखता आलं नाही. कार्ड पुसून नव्यानं तयार करायचं का? खाली दोन शब्द, 'पुसा' आणि 'नंतर'. "आई, काही आलं तर 'नंतर' दाब," पियुष बाहेरून ओरडला. दुसऱ्या फोनवरून वैष्णवीही तेच म्हणाली, "मॅडम, 'पुसा' दाबू नका, मग काहीच परत मिळणार नाही."

लसणानं चिकट झालेला अंगठा तिनं पदराला पुसला आणि 'पुसा'वर धरला. टेकवला नाही, फक्त धरला. म्हातारी आहे, चुकून दाबलं म्हणेल. कुणी काही बोलणार नाही, पियुष तर नाहीच. पण त्या कार्डात ते होते. खुर्चीत बसलेले, उलटं वर्तमानपत्र घेऊन, श्वास घेत असलेले. फोटो चिकटवून चिकटवून तिला त्यांचं हलतं तोंड आठवेनासं झालं होतं. तिनं 'नंतर' दाबलं आणि बाहेरच्या दोघांना हाक मारली.

वैष्णवीनं सांगितलं तसा पियुषनं जुना पासवर्ड टाकला, आणि कार्ड उघडलं. तिघं फोनवर वाकले. चित्रात वेळ नऊ एकतीस होती. तिचंच तोंड खालून वर येत मोठं झालं, बोट आलं, पडदा लाल झाला, मोकळा झाला. ती खाली उतरून पाटापुढं पाठमोरी बसली. वेताच्या खुर्चीत कुणी नव्हतं, वर्तमानपत्राची घडी मोडलेली नव्हती. नऊ पस्तीसला ते दारातून बाहेर आले. धुतलेला शर्ट, गुंड्या एक घर चुकलेल्या. पाटाशी वाकून त्यांनी शिट्टी गळ्यात घातली, झेंडी उचलून नीट गुंडाळून काखेत धरली. ती मिक्सरची तार पुसत होती. "येतो गं," ते म्हणाले, अगदी पूर्वीच्या आवाजात. "या," ती म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. ते फाटकापर्यंत गेले, कडी काढली, दोन्ही बाजूंना बघितलं आणि उजवीकडं वळले. मग बराच वेळ नुसता व्हरांडा, मोकळी खुर्ची आणि तिची पाठ. ती काहीतरी गुणगुणत होती. नऊ त्रेचाळीसला चित्र थांबलं. पिनेकडं जाणारा हात त्यात कुठंच नव्हता.

"अपडेट उतरायलं की किणकिण बंद असती," केयूर हळूच म्हणाला. "चित्रण चालू ऱ्हातंय. बसवायला लागलं की मग थांबतंय." पियुषनं मागं नेऊन पुन्हा लावलं. येतो गं. या. "आई, साडेनऊला लाईट गेली म्हणलीस. हे नऊ त्रेचाळीस हाय." "लाईट गेली नव्हती. मी काढली पिन. नंतर." तो तिच्याकडं बघत राहिला. ती ज्याला भीत होती ते त्याच्या तोंडावर नव्हतं. तिथं फक्त हिशेब लागत नसल्यासारखं काहीतरी होतं. "पहिल्याच दिवशी दाखवला असतास केयूरला तर," तो म्हणाला आणि थांबला. मग त्यानं पुन्हा चित्र फाटकापाशी आणलं. "उजवीकडं का वळले? तिकडं काय हाय?" झेंडी नेली म्हणून सगळ्यांनी ठरवलं होतं की ते ड्युटीवर निघाले, आणि निघालेही असतील. पण निघालेला माणूस दहा पावलांत विसरला असेल की ड्युटीवर जायचंय की ड्युटीवरून घरी यायचंय. "सत्तेचाळीस नंबर," ती म्हणाली. पियुषचा जन्म तिथलाच. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दोघं धावत बाहेर पडले. तिचा फोन किणकिणला, फाटकाजवळ व्यक्ती दिसली, आणि पडद्यावर पियुष आणि केयूर उजवीकडं वळताना दिसले. कॅमेरा आता उत्तम चालत होता. कुणी अडकला असेल तर, पडलेल्या भिंतीत, काट्यांत, पाय मोडून, तर तो काय करेल? गळ्यात असेल ते वाजवेल. दोनदा, हलकेच, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून.

"हॅलो? मॅडम, आहात का लाईनवर?" वैष्णवी विचारत होती. "कॅमेरा व्यवस्थित सुरू झाला का? आणखी काही मदत हवी आहे का?"

"पोरी, शिट्टी वाजत होती," प्रमोदिनी म्हणाली.

"कॅमेऱ्यातून आवाज येतोय का मॅडम?"

"न्हाई. क्वार्टराकडून. दसऱ्याला पहाटं वाजली, दुसऱ्या दिवशीबी वाजली. मग थांबली." पलीकडून नुसता दुसऱ्या कुणाच्या तरी बोलण्याचा गलका ऐकू येत होता. "मला ऐकू आली होती ती. मी उठून चहा ठेवला होता, आन् मग गॅस बंद केला."